पालावरची पुस्तके विहारात

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत बेंबळीच्या आमच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. आम्ही म्हणजे काही विद्वान मंडळी नव्हे. कुणी सोयाबीनच्या खुरपणीला जाते, कुणी गवंड्याच्या हाताखाली आहे, कुणाचे शिलाई मशीन आहे, एक-दोघे एस.टी.तून निवृत्त झालेले. रात्री भाकरतुकडा खाऊन आठाच्या पुढे माणसे जमतात, त्रिसरण-पंचशील होते आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची ठरलेली पाने वाचली जातात. ग्रंथ मिटल्यावर अर्धा तास दुसरे एखादे पुस्तक वाचायचे, असा पायंडा अलीकडे पडला आहे. आधी आपल्या घरातली पुस्तके झाली. दया पवारांचे 'बलुतं' झाले, शांताबाई कांबळ्यांचे झाले, बेबीताई कांबळ्यांचे झाले. ऐकताना बायाबापड्या मधेच रडत, मधेच हसत, "अस्संच हुतं बया" म्हणत. ती संपल्यावर प्रश्न आला, आता पुढे काय?

आपल्यासारखेच ज्यांनी भोगले आणि आपल्यासारखेच लिहिले, अशांचे वाचावे असे ठरले. त्यातून आदिवासी आणि भटक्या-विमुक्त लेखकांची पुस्तके विहारात आली. ती आली आणि वादही आला. तो वाद वाचकांपुढे ठेवण्यासारखा आहे, कारण असा वाद प्रत्येक गावच्या विहारात कधी ना कधी व्हायलाच हवा.

पहिल्याच रात्री एक आजोबा उठले. वय पंच्याऐंशीच्या घरात. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला माणूस. त्यांच्या शब्दाला आमच्यात वजन आहे. ते म्हणाले, "पारध्या-उचल्यांची पुस्तकं आपण कशाला वाचायची? आपण देव सोडले, बोकड सोडलं, दारू सोडली. ती अजून देवीपुढं बकरं कापत्यात. आपली वाट निराळी हाय." दोन-चार माना हलल्या. खरे सांगायचे तर आपल्या वस्त्यांतूनही पारध्यांकडे पाहण्याची नजर बऱ्याचदा गावाकडून उसनी घेतलेली असते. गायरानाच्या कडेला पाल पडले की गावात कुलपे घट्ट होतात, आणि आपल्यातलेही काही जण कोंबड्या मोजून डालतात.

आजोबांना उत्तर दिले ते लातूरला बी.ए.ला शिकणाऱ्या एका मुलीने, आणि तेही बाबासाहेबांच्याच शब्दाच्या आधाराने. अस्पृश्य हे मूळचे कोण, याचा शोध घेणारा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एका ओळीत तीन समाज मांडले आहेत: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी आणि अस्पृश्य सुमारे ५ कोटी. ज्या संस्कृतीने एवढी माणसे अशा अवस्थेत ठेवली तिला संस्कृती म्हणायचे का, हा त्यांचा सवाल होता. मुलगी म्हणाली, "बाबासाहेबांनी तिघांना एका पंगतीला बसवलंय. आपण त्यातून उठून एकटंच जेवायला बसलो तर कसं व्हायचं?" आजोबा बसले. पटले म्हणून बसले असे नाही, पण बसले.

ही गुन्हेगार जमात नावाची भानगड काय होती, हे नव्या पिढीला नीट ठाऊक नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला. काही जमातींचा पिढीजात धंदाच चोरी आहे असे गृहीत धरले. त्या जमातीत जन्मला की तो गुन्हेगार. चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा पुढे वाढत गेला आणि १९११ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होण्याजोगा झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. पण निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. आपल्या शेजारच्या सोलापुरात तर सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात माणसे ठेवायची, सकाळी गिरणीत कामाला न्यायची आणि रात्री मोजून आत घ्यायची. सोलापूरला कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी 'सेटलमेंट' हा शब्द ऐकला आहे, तिथे रिक्षाही जाते; पण तो शब्द कुठून आला हे फारसे कुणी विचारत नाही. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. हा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतात. पंधरा ऑगस्टला तिरंगा फडकला तेव्हा त्यांची हजेरी चालूच होती, आणि पुढची पाच वर्षे चालू राहिली.

इथे एक आजी बोलल्या. त्या कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "मंजी आपल्या येसकरासारखंच की." आजींचे सासरे येसकर होते. रात्री-अपरात्री चावडीवर हजर राहायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि हे सगळे का तर महाराच्या पोटी जन्मले म्हणून. आजींच्या त्या एका वाक्याने विषय आमच्या घरात आला. आपल्या लोकांवर जन्मावरून काम लादले होते, त्यांच्यावर जन्मावरून गुन्हा लादला होता. आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः आले. वतन ही भाकरी नसून बेडी आहे, हे त्यांनी आपल्या आजा-पणजांना किती परीने समजावले! वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणजे दोन्ही बेड्या स्वातंत्र्यानंतरच्या, आणि पाच-सात वर्षांच्या अंतराने तुटल्या. तुटल्या असे कागद म्हणतो.

आता या पुस्तकांत एक गोष्ट अशी आहे की आपल्या माणसाला ती जरा बोचते. आपण इंग्रजांचे काय काय मिळाले ते मोजत आलो. पलटणीत शिरता आले, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला पेशवाईला धूळ चारता आली, शाळेचे दार किलकिले झाले. आदिवासींची पुस्तके इंग्रजांनी काय काय नेले ते मोजतात. रान सरकारचे झाले, मोहाचे झाड सरकारचे झाले, सरपणाची मोळी गुन्हा झाली. चंद्रपूरला बाबुराव शेडमाके १८५८ साली फासावर गेले, टंट्या भिल्ल १८८९ साली गेला, बिरसा मुंडा १९०० साली रांचीच्या तुरुंगात मेला. आपल्या निजामी मुलखातही कोमराम भीम हा गोंड तरुण रानाच्या हक्कासाठी लढला आणि १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीने पडला. तो आदिलाबादचा. आजचे आपले किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. शाळेतल्या मुक्तिसंग्रामाच्या धड्यात त्याच्या वाट्याला फार जागा येत नाही.

मग कुणाचे खरे? एका तरुणाने हा प्रश्न विचारला तेव्हा चर्चा रात्री अकरापर्यंत गेली. आमचे मत असे पडले की दोन्ही खरे आहे, आणि बाबासाहेबांना ते ठाऊक होते. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात दीडशे वर्षांत अस्पृश्यांचे काय बदलले? ज्या इंग्रजाने महाराला पलटणीत घेतले त्यानेच १८९२ च्या सुमारास भरती बंद केली, कारण आता त्याला 'लढाऊ जाती' हव्या होत्या. कोण लढाऊ आणि कोण चोर, हे एकाच डोक्यातून निघालेले होते. माणसाचे पाणी त्याच्या जातीवरून जोखायचे. आणि हे डोके साहेबाने काही विलायतेहून जसेच्या तसे आणले नव्हते. इथल्या चार वर्णांनी ते आधीच तयार करून ठेवले होते. असो. हा मोठा विषय आहे.

पुस्तकांकडे येऊ. आम्ही सुरुवात लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'पासून केली. कारण साधे होते, माणूस आपल्या भागातला. ते लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. आणि १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. पुस्तक १९८७ साली आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले होते, कैकाड्याच्या पोराची कहाणी. त्यालाही अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे माने यांनी धम्म स्वीकारला आणि २००७ साली मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांचे मोठे दीक्षा संमेलन झाले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

'उचल्या' मोठ्याने वाचायला बसलो तेव्हा पहिली गंमत भाषेची. वाचणाऱ्याला अडखळायला होई आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या पुढचे वाक्य आधीच सांगत. ती लातूर-धाराशिवकडची बोली आहे, आपल्या चुलीपुढची. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हसणे थांबले. पोलिस येतात आणि घरादाराला बडवून काढतात, गुन्हा कुणाचाही असो. पोराला शाळेत घातले तर जमातीतूनच विरोध होतो. गिरणीत काम मिळाले तरी जात लपवून जगावे लागते. एक मावशी म्हणाली, "आपल्याला गावानं हिंडू दिलं न्हाई, ह्यांला कुठं बसू दिलं न्हाई." पुस्तकाच्या उत्तरार्धात संघटना, मोर्चे, निवेदने यांची जंत्री लांबते, तिथे मात्र ऐकणारे पेंगले. दिवसभर वाकून खुरपलेल्या माणसाला निवेदनाचा मजकूर काय जागा ठेवणार! पहिली शंभर पाने मात्र ज्याने ऐकली त्याला पाल दिसले की आता पोलिसाच्या आधी लक्ष्मण आठवेल.

पारधी काय आणि उचले काय, कागदावर त्यांचे वर्ग वेगळे आहेत. फासेपारधी हे आपल्याकडे अनुसूचित जमातीत मोडतात, म्हणजे कागदोपत्री आदिवासीच. फासे लावून तितर, हरीण धरायचे हे त्यांचे जगणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. पण शिकारीच्या बदल्यात कसायला जमीन फार थोड्यांना मिळाली. आपल्या आजोबांनी ज्या पडीक जमिनीसाठी तुरुंग भोगला, तीच जमीन त्यांनाही हवी आहे. गायरानावरची मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. बाबासाहेबांच्या जन्मदिवसाची तारीख त्यात आहे. हे आम्ही वाचून दाखवले तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, "आमच्या बराकीत पारधी बी हुते दोघं." साठ वर्षे त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कुणी विचारलीही नव्हती.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली तो ठरवला. त्या दिवशी वाचनाला सुरुवात करताना एका पोराने उत्साहाने "जय भीम, जय जोहार" म्हटले आणि विहारात एकदम शांतता पसरली. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उतरले. पोराला कळेना काय झाले. आदिवासी एकमेकांना भेटले की 'जोहार' म्हणतात. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला केलेला तो नमस्कार आहे, अभिमानाचा आहे, मोर्चात गर्जून म्हणायचा आहे. आपल्याकडे मात्र 'जोहार' म्हणजे महाराने पाटलाच्या वाड्यासमोर लांब उभे राहून, कमरेत वाकून म्हणायचा शब्द. गावाने आपसात 'राम राम' करावा आणि महाराने 'जोहार' घालावा अशी ती रीत. तो शब्द तोंडातून काढून टाकण्यासाठी दोन पिढ्या झिजल्या. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' दिले आणि आपली मान सरळ झाली. अक्षरे तीच. एका घरात तो शब्द पागोट्यासारखा डोक्यावर, दुसऱ्या घरात पायातल्या काट्यासारखा.

यावर विहारात दोन तट पडले. पोरे म्हणाली, शब्दाचा काय दोष, आदिवासींनी तो वाकून म्हटलाच नाही तर आपण का लाजायचे? म्हातारी माणसे म्हणाली, तुम्ही तो वाकून म्हणणारा बाप पाहिला नाही म्हणून बोलता. आमच्या मते दोघांचेही खरे आहे आणि इथे मिटवामिटवी करू नये. आदिवासी बांधवाने 'जोहार' म्हटले तर आपण मान राखून ऐकावे आणि 'जय भीम' म्हणून उत्तर द्यावे. एका नमस्काराला दुसऱ्या नमस्काराने उत्तर देता येते, त्यासाठी कुणी आपला नमस्कार सोडायला नको.

आदिवासी कवींमध्ये आम्ही वाहरू सोनवणे वाचले. ते भिल्ल, नंदुरबारकडच्या शहाद्याच्या भूमिहीनांच्या चळवळीतून आलेले. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली निघाला, 'उचल्या'च्याच वर्षी. १९७९ साली भद्रावतीला आदिवासींचे पहिले साहित्य संमेलन भरले; त्यातले पाचवे १९९० साली पालघरला झाले, त्याचे वाहरू अध्यक्ष होते. व्यासपीठावर कोण बसतो आणि समोर मातीत कोण बसतो, आणि ज्याचे दुःख आहे त्याच्या हातात माईक कधी येतो, असा सवाल त्यांनी एका लहानशा कवितेत केला आहे. ती कविता अनेक भाषांत गेली. आमच्या जयंती कमिटीच्या अध्यक्षांनी ती ऐकली आणि घसा खाकरला. कारण दर चौदा एप्रिलला आपल्याही स्टेजवर हार-तुरे कुणाला आणि सतरंजीवर कोण, हे ठरलेलेच असते.

भुजंग मेश्रामांचे 'उलगुलान' १९९० चे. ते यवतमाळकडचे गोंड कवी, २००७ साली फार लवकर गेले. उलगुलान हा बिरसाच्या बंडाचा शब्द. सांगायला हरकत नाही की हा संग्रह आम्हाला जड गेला. बोलींतले शब्द मराठीत मिसळलेले, कुठून कुठे उडी घेतील याचा नेम नाही. दोन रात्रींनंतर आम्ही तो थांबवला. पण त्या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे लेखक मराठीत लिहितात खरे, पण मराठी ही त्यांच्या आईची भाषा नव्हे. भिल्लाच्या घरात भिली, गोंडाच्या घरात गोंडी, पारध्याच्या पालात गुजरातीला जवळची त्यांची स्वतःची बोली. मराठी त्यांना पहिल्यांदा भेटते ती मास्तराच्या, तलाठ्याच्या, फॉरेस्ट गार्डाच्या तोंडून. आपण मराठीला आपली माय म्हणतो. त्यांच्यासाठी ती बराच काळ कचेरीची भाषा होती, जशी आपल्या आजोबांना निजामाची उर्दू होती. परक्याने येऊन तुमची जमीन, तुमचे नाव आणि तुमची भाषा ठरवावी, याला पुस्तकात वसाहतवाद म्हणतात. तो परका गोराच असतो असे नाही.

जगात ठिकठिकाणी लेखक याच प्रश्नाशी झगडले. केनियाचे न्गुगी वा थिओंगो इंग्रजीत मोठे नाव मिळवलेले कादंबरीकार. १९७७ च्या शेवटी त्यांना त्यांच्याच स्वतंत्र देशाच्या सरकारने तुरुंगात टाकले, कारण त्यांनी शेतकरी-कामगारांबरोबर त्यांच्या गिकुयू भाषेत नाटक केले होते. तुरुंगात कागद मिळेना तेव्हा शौचालयात वापरायच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली आणि पुढच्या कादंबऱ्या त्याच भाषेत लिहिल्या. २०२५ साली ते वारले. ऑस्ट्रेलियातल्या ओजरू नूनकल या तिथल्या मूळनिवासी कवयित्री. १९६४ साली त्यांचा पहिला संग्रह आला तेव्हा त्या कॅथ वॉकर या इंग्रजी नावाने ओळखल्या जात. त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या घटनेप्रमाणे मूळनिवाशांना देशाच्या लोकसंख्येत धरतच नसत. ते कलम १९६७ च्या सार्वमताने गेले आणि त्या प्रचारात या बाई गावोगाव फिरल्या. गोऱ्यांच्या वस्तीला दोनशे वर्षे झाल्याचा सोहळा १९८८ साली व्हायचा होता. त्याच्या निषेधार्थ त्यांनी इंग्लंडच्या राणीचा किताब परत केला, इंग्रजी नाव टाकले आणि आपल्या भागातल्या एका झाडाचे नाव घेतले. हे ऐकून आमच्यातल्या एका भगिनीने विचारले, "मंजी त्यांनी बी नाव बदललं?" आपल्याकडे धोंडी, दगडू, कचरू जाऊन सिद्धार्थ, गौतम, संघमित्रा कशी आली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या बाईंचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

बायकांना सर्वांत जवळची वाटली ती नजूबाई गावितांची 'तृष्णा'. धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी मजुराच्या घरातले पोरीचे बालपण त्यात आहे. १९९५ सालचे पुस्तक. त्यावर चर्चा अशी झालीच नाही. वाचन थांबले की कुणी तरी आपली गोष्ट सुरू करी: दुष्काळात १९७२ ला खडी फोडायला आईबरोबर कोण गेले, सुकडी कुणी खाल्ली, कुणाची शाळा धाकट्या भावाला सांभाळण्यात गेली. पुस्तक बाजूलाच राही. वाचन करणाऱ्या मुलीला याचा राग येई. आम्हाला वाटते, पुस्तकाचे काम तेव्हा झालेलेच होते.

आजही लिहिले जाते आहे आणि त्याची किंमत आजही मोजावी लागते. झारखंडचे संथाळ लेखक हांसदा सौवेंद्र शेखर हे सरकारी दवाखान्यात डॉक्टर. त्यांच्या इंग्रजी कथासंग्रहावर २०१७ साली तिथल्या सरकारने बंदी घातली आणि त्यांना नोकरीतून निलंबित केले. काही महिन्यांनी बंदी उठली. झारखंडच्याच उराँव समाजातल्या जसिंता केरकेट्टा हिंदीत कविता लिहितात, त्यांच्या 'अंगोर'ची भाषांतरे परदेशांत गेली. २०२४ साली पॅलेस्टाईनमधल्या मुलांची कत्तल डोळ्यापुढे असताना त्यांनी बालसाहित्याचा एक पुरस्कार नाकारला. यांचे साहित्य मराठीत आपल्या विहारापर्यंत, आपल्या पोरींच्या हातापर्यंत यायला हवे. आपल्या छोट्या प्रकाशकांनी जयंतीच्या कॅलेंडरांतून थोडी सवड काढून याकडे पाहावे अशी विनंती आहे.

आणि ज्यांना हे सगळे जुने वाटते त्यांनी एक ताजा निकाल ध्यानात ठेवावा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निर्णय दिला. तोवर कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत कैद्याला जातीवरून काम देण्याची तरतूद होती: झाडलोट-मैला कुणी काढायचा, स्वयंपाक कुणी करायचा. त्याच पुस्तिकांत विमुक्त जमातींच्या माणसांकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याची सोयही होती. न्यायालयाने दोन्ही घटनाबाह्य ठरवले. आमच्या आजींनी विहारात जे एका वाक्यात म्हटले, ते दोन्ही एकाच निकालपत्रात आले. १९५२ साली कायदा गेला आणि २०२४ पर्यंत नियमपुस्तिकेत राहिला, म्हणजे बहात्तर वर्षे. आपल्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव झाले ते एका अधिसूचनेने. पालावरच्या पोराच्या कपाळावर १८७१ साली गोंदलेले नाव तसे निघत नाही.

सध्या आमच्याकडे एक विषय चालू आहे. येत्या चौदा एप्रिलला गायरानाजवळ राहणाऱ्या एका पारधी बाईंना बोलायला बोलवावे आणि त्यांना स्टेजवर खुर्ची द्यावी, अशी सूचना कमिटीपुढे आली आहे. कमिटीतल्या दोघांचा विरोध आहे, तिघे गप्प आहेत. आजोबा कोणत्या बाजूने आहेत ते त्यांनी सांगितलेले नाही. बाईंना विचारायला आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या. बाईंनी चहा केला, ऐकून घेतले आणि विचारले, "तिथं मराठीतच बोलावं लागंल का?" त्यांच्या बोलीतच बोलावे आणि त्यांच्या नातीने त्याचे मराठी करून सांगावे, असे आम्ही सुचवले आहे. नात सातवीत आहे. तिला माईकची भीती वाटते म्हणाली, म्हणून रविवारी विहारात तिला माईक लावून दाखवणार आहोत.